हवा भरल्याबगर

मोटार वाळूत रुतली की तिचा आवाज बदलायचा. आधी गुरगुर, मग एकदम घसा ताणून ओरडणं, आणि शेवटी दमल्या जनावरागत गप. चुलीपुढं बसलेल्या बजाबाईला बाहेर न येताही ते कळायचं. "अवं, बसली बगा," ती आतूनच म्हणायची. तोवर धोंडीरामनं जू खांद्यावर घेतलेलं असायचं.

भीमेच्या अलीकडच्या काठावर, टेंभुर्णीकडं जाणारी वाट जिथं दरड चढून वर येते, तिथं त्यांचं छप्पर होतं. त्या साली हस्त कोरडा गेला. शाळू गुडघ्याएवढा होऊन जागेवरच वाळला. माघ सरायच्या आत नदीची धार पलीकडच्या दरडीला चिकटली आणि अलीकडं नुसती वाळू उरली. त्या वाळूतून दिवसाआड सर्व्हिस मोटार यायची. अकलूजच्या बाजूचे उतारू टेंभुर्णीला आणि तिथून पुढं कुर्डुवाडीच्या रेल्वेला न्यायची. वाळू आली की उतारू खाली उतरायचे, बोचकी डोक्यावर घेऊन चालत नदी ओलांडायचे. रिकामी मोटार मागून यायची आणि मध्येच कुठंतरी बसायची. मग धोंडीरामची बैलं तिला ओढून काठावर आणायची. त्या बदल्यात मोटारीच्या टपावरून टेंभुर्णीच्या बाजारातला कडबा यायचा. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या, पण बैलं उभी होती ती त्या कडब्यावर.

होळीनंतर मोटारीवर नवा डायव्हर आला. मानसिंग त्याचं नाव. लढाईच्या वेळी तो समुद्रापल्याड बसऱ्याकडं सरकारी लॉऱ्या हाकून आला होता. हाडापेरानं मोठा, बोलायला कमी. पहिल्या दिवशी धोंडीराम बैलं जुंपून वाळूत उभा राहिला, तर मानसिंगनं हातानंच त्याला थांब म्हणून खुणावलं. तो खाली बसला आणि एकेका चाकाच्या नळीत काडी दाबत गेला. फुसऽ करून हवा सुटली. चाकं खाली पसरली, पोट टेकल्यासारखी. मग त्यानं मोटार सुरू केली आणि ती हळूहळू, कुठं न थांबता, वाळूवरून चालत काठावर आली.

उतारू हसायला लागले. "धोंडीबा, बैलं सावलीला बांद आता," कुणीतरी ओरडलं. "म्हातारपण गोड करून घे त्यांचं!"

धोंडीरामनं बैलं सोडली, जू खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांच्या देखत ती रिकामी जोडी वर चढवत आणली. छपरात येऊन तो तांब्याभर पाणी प्याला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

बाहेर मानसिंग एकटाच पंप मारत होता. मालकानं मोटारीवर क्लीनर ठेवला नव्हता. तिकिटं फाडणारा एजंट ईरप्पा अक्कलकोटकडचा, तो पंपाला हात लावायचा नाही. उन्हात उतारू ताटकळत होते. मानसिंगच्या सदऱ्याला घामाची पानं उमटली होती. दुसरं चाक भरून झाल्यावर तो छपराच्या दारात आला.

"धोंडीराम, दर खेपेला एवढी हवा भरायला माणूस लागंल मला. करशील? कडबा तसाच चालू ठेवायला मालकाला सांगतो."

धोंडीराम भिंतीकडून वळला नाही. "बैल जुंपायचं काम हाय माझं. तुमच्या चाकात फुका मारायचं न्हाय."

मानसिंग माघारी वळला. बजाबाईनं परातीतलं पीठ झाकलं, हात पुसले आणि पदर कमरेला खोचला.

"बजे, कुटं निगालीस?" सासू सोजरबाईनं विचारलं.

"हवा भराया."

"बापयांच्या म्होरं? वाकून?"

"बैलं काय खात्यात, आत्याबाई?" एवढंच म्हणून बजाबाई बाहेर गेली.

पंपाचा दांडा वर ओढायला सोपा, खाली दाबायला अवघड. चाकात हवा जसजशी भरत जाई तसतसा तो दांडा हातांना उलटा ढकलायचा. शेवटी शेवटी सगळं अंग त्यावर टाकावं लागे. पहिल्या दिवशी तिच्या तळहातांना फोड आले. दुसऱ्या खेपेला ते फुटले. उतारूंतले बाप्ये पानतंबाखूची चंची सोडून बसायचे आणि बघायचे. वाकताना पाठीवरचा पदर सरकला की कुणीतरी खाकरायचं. तिनं मग डोईवरून पदर घेऊन तो गळ्याशी गाठ मारून बांधला आणि कुणाकडं बघायचंच सोडून दिलं.

मानसिंगनं तिला चाकं शिकवली. एक लोखंडी कांब घेऊन तो भरलेल्या चाकावर ठोकायचा. "ऐका बजाक्का. टण् म्हणाली ना, भरली. बद्द म्हणाली की अजून उपाशी हाय."

"उपाशी ऱ्हायली तर?"

"चाक बसतं. बगला बाहेर येत्यात. रस्त्यावर पळताना त्या बगला दर फेऱ्याला दुमडत्यात, सरळ व्हत्यात, परत दुमडत्यात. आतून तापतं. मग सुतं तुटाया लागत्यात. आन् वळणावर गाडी हातात ऱ्हात न्हाय, मी हिकडं वळवतो आन् ती मागं लोंबकळत येती."

एकदा तिनं उत्साहानं चाकं फार भरली. कांबेचा आवाज खणखणीत आला म्हणून खूश झाली. परतीच्या खेपेला मानसिंग उतरला तो कपाळाला आठ्या घालूनच. "बकरीगत उड्या मारत हुती आज. खडीवर ब्रेक मारला तर घसरतच गेली. जादाबी नको, बजाक्का. चाकाचा तळवा रस्त्याला पुरा टेकला पायजे."

तेव्हापासून ती कांबेच्या आवाजाबरोबर चाकाचा तळवाही बघायला लागली. ते काम तिला आवडायला लागलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

चैत्रात अंबू माहेरी आली. पहिलंच बाळंतपण. सासर नदीपलीकडं, मोटारीच्याच वाटेवर. पोरीचे पाय सुजलेले, तोंड उतरलेलं, पण मोटारीतून उतरताना आईला पंप मारताना बघून ती तोंडाला पदर लावून हसली. "आये, काय गं हे!" रात्री तिनं आईच्या तळहातांना तेल लावलं. धोंडीराम दाराशी बसून बघत होता. पंपाचं काम सुरू झाल्यापासून तो मोटार यायच्या वेळी बैलांना घेऊन कुठंतरी निघून जायचा.

त्याच सुमारास दुसऱ्या मालकाची एक लाल मोटार त्या वाटेवर सुरू झाली. तिचा डायव्हर तरणा होता आणि तोही वाळूत हवा सोडायला शिकला होता. पण काठावर हवा भरायला तो थांबायचाच नाही. तसाच पुढं जायचा आणि टेंभुर्णीत रेल्वेचे उतारू आधी गाठायचा. मानसिंगची मोटार रिकामी जायला लागली.

एक दिवस मोटार काठावर आली. बजाबाई पदर खोचून बाहेर आली, तर ईरप्पा पुढच्या पाटावरून उतरलाच नाही. "पंप नको, बाई," तो म्हणाला. "मालकाचा हुकूम हाय. टेंभुर्णीत भरायची."

"टेंभुर्णीपतूर कशी जाईल?" मानसिंग म्हणाला.

"ती लाल गाडी जातीय की नाय रोज? आन् ऊन कसलं हाय बघ. उन्हानं हवा आपसूक फुगती. कमी असली तरी भागतंय."

"उन्हानं फुगती ती निराळी. बसलेलं चाक आतून तापतंय ते निराळं."

"मालकाला सांग ते." ईरप्पा वाईट माणूस नव्हता. त्यानं घाम पुसला आणि हळू आवाजात म्हणाला, "ही गाडी बंद पडली तर तू आन् मी दोगंबी घरी बसनार, मानसिंग. मला चार लेकरं हायत."

मानसिंगनं बजाबाईकडं बघितलं नाही. मोटार तशीच गेली, पोट टेकलेल्या चाकांवर, जरा डुलत.

कडबा बंद झाला. धोंडीराम ओढ्याकडचा लिंबाचा पाला आणून बैलांपुढं टाकायला लागला. एक बैल उठताना पुढच्या गुडघ्यावर पडायला लागला. सोजरबाई दोन वेळा म्हणाली, "वाकून वाकून शेवटी काय मिळालं?" मोटार आली की मात्र बजाबाई दाराशी उभी राहून चाकं बघायची. हळूहळू तिला दिसायला लागलं की चाकांचा मधला भाग शाबूत आहे आणि दोन्ही कडा झिजत चालल्या आहेत. मग एका चाकाच्या कडेला आतली सुतं पांढरी दिसायला लागली.

बाजाराच्या आदल्या दिवशी मानसिंग पाण्याचा डबा भरायला छपराशी आला. डबा भरून झाला तरी उभाच राहिला.

"काल टेंभुर्णीच्या अलीकडं, रस्त्याखालच्या मोरीजवळच्या वळणाला गाडी माझ्या हातातनं गेली हुती, बजाक्का."

"म्हंजी?"

"मी चाक वळवलं, ती सरळच चालली. म्होरलं टायर लोखंडावरनं सरकत हुतं. देवानं वाट दिली म्हणून." त्यानं डबा उचलला.  लढाई बघून आलेला माणूस तो, पण मोटारीत चढायच्या आधी त्यानं पुढचं चाक दोनदा दाबून बघितलं. 

त्याच रात्री अंबूला कळा सुरू झाल्या.

सुईण बनाबाई वरच्या वस्तीवरून आली. रात्र गेली, सकाळ झाली. उन्हं छपराच्या फटीतून आत येऊन जमिनीवर पडली. अंबूचे केस कपाळाला चिकटले होते. धरायला आढ्याला बांधलेला दोर ओढून ओढून तिच्या तळहातांची सालं निघाली होती. मधेच कळ थांबायची आणि ती डोळे मिटून पडायची. ते थांबणं बजाबाईला कळेपेक्षा वाईट वाटत होतं. बनाबाईनं एकदा पोटावर हात फिरवला, खूप वेळ ठेवला, आणि मग बजाबाईला बाहेर बोलावलं.

"आडवं हाय. मी फिरवून बघितलं, फिरत न्हाय. माझ्या हातातलं न्हाय आता. कुर्डुवाडीला बायांचा दवाखाना हाय, तिकडं न्या."

"बैलगाडीनं?" धोंडीरामनं विचारलं.

बनाबाईनं बैलांकडं बघितलं आणि मान हलवली.

तेवढ्यात वाळूतून मोटारीचा आवाज आला.

धोंडीराम पळतच खाली गेला. मोटार काठावर येताच त्यानं हात आडवे करून ती थांबवली. बाजाराचा दिवस. उतारू मागून बोचकी घेऊन चढत होते, कोंबड्या, चिंचेची पोती, तान्ही पोरं. ईरप्पानं सगळं ऐकलं आणि एका शब्दानंही नकार दिला नाही. "मागचा पाट रिकामा करा!" तो ओरडला. "बाप्ये सगळे खाली ऱ्हावा. लाल मोटार येतीय मागनं, तिनं या. चला, उचला पोरीला!"

चौघांनी अंबूला बाजेसकट आणलं. मागच्या पाटावर वाकळ टाकून निजवलं. सोजरबाई उशाशी बसली. मानसिंग आपल्या जागी बसला, गाडी चालूच होती.

बजाबाईचा एक पाय मोटारीच्या पायरीवर होता. तिची नजर खाली गेली. चाक फतकल मारून बसलं होतं. कडेची पांढरी सुतं मातीनं मळली होती. तिनं पाय खाली घेतला आणि पुढं जाऊन डायव्हरच्या बाजूला उभी राहिली.

"मानसिंगभाऊ, खरं सांगा. ह्या चाकांवर गाडी कुर्डुवाडीला जाईल?"

मानसिंगनं तिच्याकडं बघितलं. "हळू नेली तर जाईल."

"हळू म्हंजी?"

"बैलगाडीगत."

"आन् पळवली तर?"

मागून अंबूचं ओरडणं आलं, लांबलचक. मानसिंगनं स्टेरिंगवरचे हात आणखी घट्ट केले.

"आन् हवा भरून पळवली तर?"

"तर पळंल," तो म्हणाला.

"मग बंद करा. पंप काडा."

एकदम सगळे बोलायला लागले. "अय्यो, बाई, येड लागलंय का?" ईरप्पा उतरून आला. "लेक बग तुझी! टेंभुर्णीत भरू की!" उतारूंतली एक बाई कडाकडा बोटं मोडायला लागली. सोजरबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बजे! नातीचा जीव चाललाय माज्या आन् तुला हवा सुचतीय? चढ वर, रांडे, चढ!"

बजाबाईनं पाटाखालचा पंप स्वतःच ओढून काढला. मानसिंग गाडी बंद करून खाली उतरला आणि त्यानं नळीचं टोक चाकाला लावलं. ती पंपावर वाकली.

दांडा वर, दांडा खाली. रात्रभराचं जागरण अंगात होतं, दंडात बळ नव्हतं. मागून अंबू ओरडत होती. प्रत्येक ओरडण्याबरोबर बजाबाईचा हात थांबायचा आणि ती तो परत ढकलायची. धोंडीराम आला आणि त्यानं तिचा दंड धरला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"सोड ते. सोड म्हणतो ना!"

"मोरीपाशी गाडी पालथी झाली तर तुमची लेक कुटं ऱ्हाईल?" ती न थांबता बोलली. तोंडातून शब्द धापेसरशी तुटून पडत होते. "हळू गेलो तरी मरंल. पालथी झालो तरी मरंल. हवा भरल्याबगर न्हाय न्यायाची तिला. मारायचं आसंल तर मारा मला. सोडायची न्हाय मी."

धोंडीरामनं खरंच हात उचलला. उतारू बघत होते. मग त्याचं लक्ष पंपाकडं गेलं.  दांडा अर्ध्यावर जाऊन अडत होता, चाक भरत होतं पण फार सावकाश. त्यानं उचललेला हात खाली आणला आणि तिला खांद्यानं बाजूला लोटलं.

"सर. तुला व्हयाचं न्हाय."

तो पंपावर पडला. नांगर रोवावा तशी त्यानं दोन्ही पायांत पंपाची बैठक धरली आणि सगळं अंग खाली टाकलं. कपाळाची शीर फुगली. एक चाक झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला उतारूंतला एक धनगर पुढं आला, घोंगडी फेकून त्यानं दांडा घेतला. बजाबाई कांब घेऊन चाकाशी बसली होती. ठोकायची, ऐकायची, "आजून," म्हणायची. ते "आजून" ऐकून मोटारीतल्या बायका तिला शिव्या घालत होत्या. अंबूचा आवाज आता बारीक झाला होता.

टण्.

"बसा," मानसिंग म्हणाला.

धोंडीराम पुढं ईरप्पाशेजारी चढला. मोटार निघाली ती अशी, की मागं धुळीचा डोंगर उठला. बजाबाईनं अंबूचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि एका हातानं पाटाची कड धरली होती. सोजरबाई तिच्याकडं बघत नव्हती. टेंभुर्णीच्या बाजाराला निघालेली माणसं बाजूला पळाली. मग मोकळा रस्ता लागला. मानसिंग पुढं वाकून बसला होता. खडीचा आवाज चाकांखालून एकसारखा येत होता.

मोरीचं वळण आलं आणि त्या वळणापलीकडं मेंढरं होती. सगळा रस्ता भरून.

बजाबाईला आधी फक्त मानसिंगचे खांदे वळलेले दिसले. मग मोटार एका अंगावर कलली, ईरप्पा दारावर आदळला, सोजरबाई "आगं आई!" म्हणून तिच्या अंगावर आली. खिडकीतून खाली मोरीचा खड्डा दिसला, त्यातले दगड, एक वाळलेलं बाभळीचं झाड. चाकं किंचाळली. आणि मोटार वळली. रस्त्याच्या कडेच्या मातीवरून, एका अंगानं मेंढरांना आणि दुसऱ्या अंगानं खड्ड्याला घासत, ती वळली आणि परत सरळ झाली. मागं मेंढका काठी उंचावून ओरडत राहिला.

ईरप्पानं खिशातून भंडाऱ्याची पुडी काढून कपाळाला लावली आणि मानसिंगच्याही कपाळाला लावली. मानसिंगनं वेग कमी केला नाही. टेंभुर्णी आली आणि गेली.

दवाखान्यात अंबूला आत नेलं आणि दार लागलं. बाहेर लिंबाखाली तिघं बसली. धोंडीराम जमिनीवर, गुडघ्यात डोकं घालून. त्याचे तळहात फुटले होते आणि त्याला त्याचं भान नव्हतं. उन्हं कलली. कोणीतरी पाणी आणून दिलं. सावली लिंबाच्या पलीकडं गेली तेव्हा डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. हात धुऊन आल्या होत्या, बाह्या अजून वर होत्या.

"मुलगी वाचली आहे," त्या म्हणाल्या. "रक्त फार गेलंय, काही दिवस इथं ठेवावं लागेल. बाळ मात्र गेलेलं होतं."

सोजरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. बजाबाई उठून उभी राहिली. "कवा गेलं, बाई?"

"ते कसं सांगणार? आडवं होतं. आधी आणायला हवं होतं तुम्ही."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. रोज कुणाला तरी म्हणावं लागतं तसं म्हटलं आणि त्या आत गेल्या. पण 'आधी' हा शब्द बजाबाईच्या अंगात शिरला तो तिथंच राहिला. आधी म्हणजे कधी? रात्री? सकाळी? की काठावर, चाकाशी बसून ती "आजून" म्हणत होती तेव्हा?

मुलगा होता. धोंडीरामनं त्याला वाकळेच्या तुकड्यात गुंडाळून कुर्डुवाडीच्या बाहेर ओढ्याकाठी पुरलं.

अंबूला घेऊन ती परत आली तोवर गोष्ट तिच्या आधी सगळ्या काठावर पोचली होती. आई हवा भरत बसली आणि नातू गेला. सोजरबाई तेच येणाऱ्याजाणाऱ्या बाईला सांगायची, बजाबाई ऐकत असली तरी आणि नसली तरी. मानसिंग दुसरं सांगायचा. "हवा नसती तर त्या दिवशी मोरीत आमी सगळी पालथी पडलो असतो. मी म्हणतोय, ज्यानं चाक हातात धरलं हुतं." बायका ते ऐकायच्या आणि मान डोलावून निघून जायच्या. ईरप्पानं मालकाला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण मोटार पुन्हा काठावर थांबायला लागली, चाकं बदलून आली, टपावर कडबा दिसायला लागला. आता पंप धोंडीराम घ्यायचा. तो बजाबाईला बाहेर येऊ द्यायचा नाही. तिला वाटायचं, तो आपल्यावर दया करतोय. कधी वाटायचं, ते हात त्याला बघवत नसतील.

त्यानं तिला एकदाही काही म्हटलं नाही. तेही तिला सोसवत नव्हतं.

अंबूला दूध आलं. प्यायला कुणी नव्हतं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, चोळी ओली व्हायची आणि त्या वासानं ती रडायची. बनाबाईनं सांगितलं होतं, आवळून बांधा, सोडू नका, आपोआप आटंल. दुपारच्या वेळी सोजरबाई शेजारी गेली की बजाबाई लेकीला बसवायची, जुन्या लुगड्याचा पट्टा काढायची आणि छातीभोवती गुंडाळायची.

"दुकतंय का?"

"दुकूं दे. आनिक आवळ."

बजाबाई मागून पट्टा ओढत होती. अंबूच्या पाठीचे मणके एकेक दिसत होते. लेकीचं तोंड भिंतीकडं होतं.

"आये."

"काय गं?"

"ते रातीच थांबलं हुतं."

बजाबाईचे हात थांबले.

"बनामावशी यायच्या आधी. आधी लाथा मारत हुतं, मग न्हाय मारल्या. मला कळलं हुतं. मी कुणाला बोलले न्हाय. बोलले तर खरं व्हईल असं वाटलं." ती थांबली, श्वास घेतला. पट्टा घट्ट होता, श्वास पुरत नव्हता. "मोटार यायच्या लई आधी गेलं हुतं ते, आये. आजीला मी सांगीन. तू काय मनाला लावून घिऊ नगंस."

बाहेर धोंडीराम बैलांना पाणी दाखवत होता, बादली आपटल्याचा आवाज आला. बजाबाईला आठवलं, त्या सकाळी बनाबाईनं पोटावर हात खूप वेळ ठेवला होता. ते आडवं मूल चाचपण्यासाठी होतं की आणखी कशासाठी, हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारता येईल. बनाबाई वरच्या वस्तीवरच आहे. आणि लेकीचं तोंड आपल्याकडं वळवून, डोळ्यांत बघूनही कळेल. लहानपणी खोटं बोलली की तिची नजर लगेच खाली जायची.

तिनं लेकीचं तोंड वळवलं नाही.

"बरं," ती म्हणाली. तिनं पट्ट्याचं एक टोक दातात धरलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढलं आणि अंबूच्या पाठीवर गाठ मारली.